मी न ऐकलेली हाक

अशा अनुभवांचे लेख मी वाचतसुद्धा नव्हते, लिहिणं तर लांबच. माझा धंदाच उलटा आहे. मी स्त्री अभ्यास शिकवते. अंगात येणं, करणी, भानामती या विषयांवर आमच्याकडे चक्क एक पेपर आहे आणि तो माझ्याकडेच असतो. बाईच्या अंगात देवी का येते, घरातलं कुठलं दुखणं त्यातून बाहेर पडतं, हे मी पोरींना फळ्यावर लिहून समजावते. त्यामुळे हे माझ्यासमोर घडलं तेव्हा मीही सगळ्यात आधी कारणच शोधायला लागले. अजून शोधतेच आहे… म्हणून इथे लिहिते आहे.

विद्यापीठाचं आणि गावाचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं झालं तसं.

यवतमाळला आमचं छोटंसं केंद्र आहे. केंद्रप्रमुख डॉ. सुजाता मॅडम. मी त्यांच्याच हाताखाली एम.ए. केलं आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. ऑफिस सांभाळायला वानखडेभाऊ, जे केंद्र सुरू झालं तेव्हापासून मॅडमसोबत आहेत. आणि फिल्डवर जायचं असलं की भाड्याची गाडी घेऊन येणारे शब्बीरभाई, पांढरकवड्याचे. एवढाच आमचा संसार.

सुजाता मॅडमचा आवाज… त्याबद्दल सांगायलाच हवं. भारदस्त, जरा घोगरा, आणि जोरात बोलल्या की शेवटच्या शब्दावर किंचित फाटणारा. त्या राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शेतमजुराच्या घरी वाढल्या. म्हणायच्या, "माझा आवाज कापसाच्या वावरात तयार झालाय. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर आईला हाक मारायची म्हणजे असाच लागतो." जयंतीच्या कार्यक्रमात लाइट गेले तरी त्यांचं भाषण थांबायचं नाही. मागच्या रांगेतल्या बायासुद्धा पुढे सरकायच्या नाहीत — गरजच नसायची.

मग त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण गाठ नेमकी आवाजाच्या शिरेला गुंडाळलेली होती, ती शीर काही वाचली नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. शुद्धीवर आल्यावर मॅडम बोलल्या तेव्हा नुसती हवा आली. तेव्हापासून त्या कुजबुजतात. अगदी शेजारी बसलं तरच कळतं. वर्गात कॉलरला माइक आणि कमरेला छोटा स्पीकर लावतात. बाकी सगळीकडे मी. त्या कुजबुजणार आणि मी मोठ्याने म्हणणार. मीटिंग असो, गाव असो, त्यांचं तोंड मी.

एकदाच त्या मला म्हणाल्या होत्या, "मला आता माझा आवाज आठवत पण नाही गं. जुने व्हिडिओ लावले तर वाटतं, ही कोण बाई?" त्यानंतर त्यांनी ते व्हिडिओ पुन्हा लावले नाहीत.

तर — दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कापसाचा दुसरा वेचा सुरू होता. पांढरकवड्याच्या आतल्या भागात, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमचं काम चालू होतं. विषय साधा होता, कापूस वेचणाऱ्या बायांची तब्येत. कंबर, पाठ, बोटं, पाणी किती पितात, लघवीला कुठे जातात. पण बाया या प्रश्नांवर येतच नव्हत्या. त्या एकाच गोष्टीवर बोलत होत्या. वाघ.

शेजारच्या शिवारात पावसाळ्यात एका बाईला वाघाने नेलं होतं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती, वाकून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. उभं माणूस दिसलं की तो बिचकतो. वाघ दिसला तर पळू नका, उभ्या राहा.

सिंधुबाई म्हणून चाळिशीची बाई होती, बायांची टोळी तीच जमवायची. ती हसून म्हणाली, "उभं राहून कापूस कसा येचाव मॅडम? झाड तं कमरेएवढं हाय."

मी तेही वहीत लिहून घेतलं.

जागा नीट सांगते, कारण सगळा प्रश्न जागेचाच आहे. आम्ही दोघी एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली बसलो होतो, जरा उंचावर. समोर कापसाचं वावर. डाव्या हाताला, बऱ्याच लांब, डांबरी रस्ता. तिथे शब्बीरभाईंची गाडी. उजव्या हाताला तुरीचा पट्टा, माणूस बुडेल एवढी तूर. वावराच्या पलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या मालकाचं वावर, तिथेही दुसऱ्या बाया वेचत होत्या. त्यामागे जंगल. आमच्या टोळीतल्या बाया वेचत वेचत नाल्याच्या दिशेने सरकल्या होत्या. त्यांच्या पाठी आमच्याकडे. सगळ्या वाकलेल्या. लांबून नुसते लुगड्यांचे आणि साड्यांचे रंग दिसत होते.

तुरीच्या बाजूने सगळ्यात कडेला पूजा होती, सिंधुबाईच्या जावेची सून. सात महिन्यांची गरोदर. त्याच सकाळी आम्ही तिच्याशी बोललो होतो.

भर दुपार होती. डबे खायची वेळ झाली म्हणून वानखडेभाऊ गाडीकडे गेले होते. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून मॅडमच्या तोंडून सकाळच्या मुलाखतींबद्दल नोंदी घेत होते. म्हणजे त्या कुजबुजत होत्या आणि मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ होता.

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. मी बघितलं तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तोंड उघडं, मान ताणलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. मला वाटलं ठसका लागला. त्यांना अधूनमधून असा ठसका लागतो, मग पाणी लागतं. मी वळून पिशवीतली बाटली शोधायला लागले. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागून होता. मला ऐकू आला तो एक लांब श्वास. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा. बस.

बाटली घेऊन मी मान वर केली, आणि समोर सगळ्या बाया उभ्या होत्या.

एक उठली, मग दुसरी, असं नाही. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर वर्ग उठतो तशा, एकदम. नाल्यापलीकडच्यासुद्धा. आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे वळलेली. काही क्षण कोणीच हललं नाही.

मग पूजाने मान फिरवली आणि ती किंचाळली.

तेव्हा मला तो दिसला. तुरीच्या कडेला, पूजापासून एवढ्या जवळ की मध्ये एक बैलगाडी जेमतेम उभी राहिली असती. जमिनीला पोट टेकून बसलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळा वाघ बघत होते आणि माझ्या तोंडातून काहीही निघालं नाही. सिंधुबाई ओरडली, "पूजा, हलू नको! उभीच राह्य!" सगळ्या बाया आरडाओरडा करायला लागल्या, कोणी टोपलं बडवायला लागली. पूजा दोन्ही हात पोटावर ठेवून उभी. वाघ उठला. अगदी सावकाश उठला, जणू त्याला कुठे जायची घाई नव्हती. एकदा त्याने बायांच्या त्या ओळीकडे पाहिलं आणि वळून तुरीत शिरला. तुरीचे शेंडे नाल्याच्या दिशेने हलत गेले, आणि थांबले.

एवढ्यात गाडीच्या बाजूने वानखडेभाऊ धावत आले. वावरातून, कापसाची झाडं तुडवत, चप्पल कुठे पडली त्याचा पत्ता नाही. साठीला आलेला माणूस, रडत होता. मला वाटलं वाघ पाहून घाबरले. पण ते थेट मॅडमपुढे गुडघ्यावर बसले.

"मॅडम, आवाज आला तुमचा! आला ना? मी ऐकला मॅडम… तुमचाच. माझ्या हातातून डबा पडला!"

त्यांना वाघाचं काही माहीतच नव्हतं. रस्त्यावरून तो दिसणं शक्य नव्हतं.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाहून कुजबुजल्या, "हे काय म्हणताहेत?"

मी म्हटलं, "तुम्ही ओरडलात?"

"ओरडले ना. मला पट्टे दिसले तुरीत. ओरडायला गेले… पण नुसती हवा गेली. रोजच्यासारखी."

"काय ओरडलात?"

"उभ्या राहा म्हटलं."

तोवर बाया आमच्याकडे पोचल्या होत्या. पूजाला दोघींनी धरून आणलं. तिला मोहाखाली बसवलं, मी हातातली ती बाटली तिला दिली. आणि सिंधुबाई मॅडमचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मॅडम, तुमी आवाज देल्ला म्हनून वाचली व हे पोरगी. 'वाघ' म्हनून बोंबलल्या असत्या तं आमी पयालो असतो, अन् हे राह्यली असती मांगं."

मी म्हटलं, "सिंधुबाई, मॅडमला आवाज नाही. तुम्हाला माहीत आहे ना? सकाळपासून मीच नाही का बोलून राहिले त्यांच्या वतीने?"

"थे मले काय मालूम? आमी ऐकलं."

"मी ऐकलं नाही. मी इथे बसले होते. अशी चिकटून."

सिंधुबाई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच काहीतरी विचित्र बोलले.

शब्बीरभाई सगळ्यात शेवटी आले. ते गाडीच्या काचा लावून, सीट मागे पाडून झोपले होते. "मॅडम, मैं तो एकदम उठके बैठ गया! मेरे को लगा आपने माइक लगाया।" माइक आणि स्पीकर त्यांच्याच गाडीत, मागच्या सीटवर, बंद करून ठेवलेले होते.

वनखात्याला फोन केला. ते आले, तुरीत शिरून ठसे पाहिले. त्यातला एक जण म्हणाला, वाघ बराच वेळ दबा धरून बसलेला दिसतो, माती दबली आहे. बाया उभ्या झाल्या नसत्या तर… त्याला आम्ही आवाजाचं सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

वावर सोडून सगळे गावात आलो. सिंधुबाईच्या अंगणात चहा झाला. पूजाला नर्सबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ठीक होते. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाया एकमेकींना पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, हसत होत्या, मधेच एखादी डोळे पुसत होती.

मॅडम एका बाजेवर बसल्या होत्या. मग त्यांनी सिंधुबाईला जवळ बोलावलं. मी नेहमीप्रमाणे पुढे सरकले, त्यांचं मोठ्याने सांगायला. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतःच सिंधुबाईच्या कानाशी वाकल्या. माझ्यासमोर त्या कधी वऱ्हाडी बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या.

"कसा होता वं आवाज? मले सांग ना."

सिंधुबाई जरा लाजली. मग उभी राहिली, हनुवटी वर केली, आणि छातीतून आवाज काढला —

"उभ्या राहा वं बायाहो!"

'बायाहो'मधला 'हो' किंचित फाटला होता. अगदी तसाच. वर्गात मागच्या बाकावर आम्ही गप्पा मारत बसलो की मॅडमचा जो आवाज आमच्यापर्यंत यायचा ना, तोच. सिंधुबाईचा स्वतःचा आवाज पातळ आहे, जरा नाकातला. आणि मॅडमला बोलताना तिने त्याआधी कधीच ऐकलेलं नव्हतं. आम्ही त्या गावात जायला लागलो ते ऑपरेशननंतर. वानखडेभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मॅडम कुजबुजल्या, "अजून एकदा."

सिंधुबाईने पुन्हा केलं. मग दुसरी एक म्हणाली, "तसा नाई व, जरासा जड होता," आणि तिने करून दाखवलं. मग तिसरी. पूजानेही बसल्या जागेवरून, हळू आवाजात, केलं. सगळं अंगण तीच हाक आळीपाळीने मारत होतं. मॅडम डोळे मिटून बाजेवर बसल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांचे ओठ हलत होते. रडत नव्हत्या. हरवलेलं माणूस दारात उभं राहिल्यावर बघावं तसा त्यांचा चेहरा होता. मला तिथे बघत राहणं अवघड झालं, मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले.

आता माझ्यातल्या संशोधकाने काय केलं ते सांगते. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले आणि एकेका बाईला वेगळं बसवून विचारलं. त्या आधी आपसात बोलल्या होत्याच, म्हणून यातून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. म्हणून मी नाल्यापलीकडच्या बायांनाही गाठलं. त्या दुसऱ्या गावच्या, आमची-त्यांची ओळख नाही. त्यातल्या एकीला वाटलं गावात भोंगा लागला. दुसरी म्हणाली, आपली सासूच ओरडली असं वाटून ती घाबरून उठली. शब्द सगळ्यांचे तेच. वाघ मात्र त्यांच्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता. वाघ न दिसता, आमच्याकडे पाठ असताना, त्या का उठल्या?

आणि रुखमाआजी. ही आमच्याच टोळीतली कोलाम आदिवासी म्हातारी. तिच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. त्या दिवशी सकाळी तिची मुलाखत घेताना माझाच घसा बसायची वेळ आली होती. ती त्या दिवशी उठली होती. मी स्वतः पाहिलं. मी तिच्या कानात ओरडून विचारलं, "आजी, तुम्ही दुसऱ्या बाया उठलेल्या पाहून उठल्या का?"

"मी कायले पाहू? मी तं खाली मुंडी घालून होती."

"मग?"

"ते बोल्ली ना. कानात बोल्ली." आणि तिने स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. "हळूच बोल्ली. ओरडली कुठं?"

सगळ्यांनी लांबून आलेली जोरदार हाक ऐकली. ऐकू न येणाऱ्या म्हातारीने कुजबुज ऐकली.

मोबाइलचं रेकॉर्डिंग मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. त्यात मॅडमचं कुजबुजणं आहे, ते थांबतं, मग तो लांब श्वास. मग 'थांबा, पाणी देते' म्हणणारी मी. वारा. आणि मग पूजाची किंकाळी. बाकी काही नाही. म्हणजे यंत्र माझ्या बाजूने आहे. अख्ख्या शिवारात ती हाक ऐकली नाही ती आम्ही दोघींनीच, एक जिची होती ती, आणि एक तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेली.

मॅडमना नागपूरला दाखवलं. वानखडेभाऊंनी हट्टच धरला होता, त्यांना वाटत होतं शीर जुळून आली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू होता तसाच लुळा होता. या गळ्यातून मोठा आवाज निघू शकेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "शेजारच्या खोलीतसुद्धा जाणार नाही." परत येताना गाडीत वानखडेभाऊंची समजूत मॅडमनीच काढली, खांद्यावर थोपटून.

केंद्रात आम्ही यावर चर्चा केली, अगदी सेमिनारसारखी. एका सहकाऱ्याने सामूहिक भीतीचा मुद्दा मांडला. बायांच्या मनात वाघ होताच, उभं राहायची सूचना मनात होतीच, एकीला चाहूल लागली आणि बाकीच्या उठल्या, नंतर सगळ्यांनी मिळून 'हाक' रचली. चांगला मुद्दा आहे. मीही तोच मांडला असता. पण काचा लावून झोपलेले शब्बीरभाई यात कुठे बसतात? त्यांना वाघाचं काय पडलं होतं? आणि सिंधुबाईच्या तोंडून निघालेला तो फाटलेला 'हो'?

मॅडमना मी एकदाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्या त्यांच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अभ्यासक म्हणून माझ्याकडे उत्तर नाही. ओढूनताणून तयार करणार पण नाही." मग पेन पुन्हा उचलत, "मला एवढंच माहीत आहे की मी आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते."

त्या अजूनही कुजबुजतात. मी अजूनही मोठ्याने म्हणते. पूजाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत आहे. त्या शिवारात आता बाया वेचायला जाताना एक जण आळीपाळीने उभी राहून राखण करते, हे आमच्या अहवालात आहे. हाकेचं अहवालात नाही. कुठल्या प्रकरणात घालणार?

वाचकांपैकी कोणी आवाजाचं शास्त्र जाणणारे असतील, कान-नाक-घशाचे डॉक्टर असतील, तर जरूर सांगा. मी मनापासून ऐकेन, वाद घालणार नाही. फक्त तो भास होता असं म्हणू नका. भासच व्हायचा होता तर तो मला व्हायला हवा होता… त्या आवाजाची सगळ्यात जास्त आठवण मलाच येत होती, आणि सगळ्यात जवळ मीच बसले होते.